लॅपटॉपबाहेरच्या डिस्कवर तीन व्हर्च्युअल मशीन : चौदा आठवड्यांचा अनुभव

नऊ वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरी शोधायची, तर सर्व्हर सांभाळण्याचे काम नव्याने शिकून घ्यावे, असे ठरवून मी २०२५ च्या जानेवारीत शनिवार-रविवारचा एक ऑनलाइन वर्ग लावला. ११ जानेवारी २०२५ च्या पहिल्याच तासाला सरांनी सांगितले की प्रत्येकाने आपल्या संगणकावर तीन व्हर्च्युअल मशीन (म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेले वेगळे संगणक) तयार ठेवावीत : एक उबुंटू सर्व्हर, एक अल्मालिनक्स (ही दोन्ही लिनक्सची) आणि एक विंडोज सर्व्हर २०२२, ज्याची चाचणी आवृत्ती १८० दिवस विनामूल्य वापरता येते. तिन्ही मशीन एकाच वेळी चालू राहून एकमेकांशी बोलली पाहिजेत, अशीही अट होती. मी लगेच लॅपटॉपमधील मोकळी जागा पाहिली. २५६ जीबीच्या डिस्कवर ४१ जीबी शिल्लक होते, आणि त्यातलेही बरेचसे विंडोजच्या अद्ययावतीकरणाला लागणार होते. वर्ग संपल्यावर बराच वेळ मी तो आकडा बघत बसले होते. फी भरून झाली होती.

आतली डिस्कच मोठी करून घ्यावी, हा पहिला विचार होता. लॅपटॉपची वॉरंटी आणखी सात महिने बाकी होती, म्हणून मी अधिकृत सेवा केंद्रात चौकशी केली. तिथे आधी अर्ज भरून घेतला, खरेदीच्या बिलाची प्रत मागितली आणि दोन दिवसांनी फोनवर अंदाज सांगितला : डिस्क, मजुरी आणि जुना डेटा नव्या डिस्कवर उतरवणे धरून ७,८०० रुपये, आणि लॅपटॉप चार ते सहा दिवस तिथे ठेवावा लागेल. शनिवारचा तास बुडणार होता आणि पैसेही हाताशी नव्हते. पुण्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या माझ्या भाच्याला मी फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “मावशी, रॅम किती आहे ते आधी सांग. बाहेरची डिस्क जागा देईल, रॅम देणार नाही.” सुदैवाने लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम होती. लिनक्सच्या दोन मशीनना प्रत्येकी २ जीबी आणि विंडोज सर्व्हरला ४ जीबी दिले, तरी निम्मी रॅम मूळ विंडोजला उरत होती. ज्यांच्याकडे ८ जीबी आहे, त्यांनी डिस्कवर खर्च करण्यापूर्वी हा हिशेब नक्की करावा, कारण व्हर्च्युअल मशीनची फाइल कुठेही ठेवली तरी ते चालते लॅपटॉपच्याच रॅमवर आणि लॅपटॉपच्याच प्रोसेसरवर.

१२ जानेवारीला मी व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर उतरवून घेतले, बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन अशा मशीनसाठी लागणारी प्रोसेसरची एसव्हीएम नावाची सोय चालू केली (इंटेलच्या लॅपटॉपवर तिला व्हीटी-एक्स म्हणतात) आणि घरातला ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह लावला. मशीन सुरू करताना व्हर्च्युअलबॉक्सने इशारा दिला होता की ही फाइल ज्या ड्राइव्हवर आहे त्याची मांडणी फॅट-३२ प्रकारची दिसते आणि तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तो इशारा मी नीट न वाचता पुढे गेले. उबुंटूची स्थापना अर्ध्याहून अधिक झाल्यावर मशीन थांबले, कारण त्याची आभासी डिस्क म्हणजे शेवटी एकच फाइल असते आणि ती ४ जीबीला जाऊन टेकली होती. पेन ड्राइव्हवर एरवी फोटो आणि कागदपत्रे ठेवणाऱ्याला ही मर्यादा कधी जाणवत नाही.

मग कपाटातली १ टीबीची जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क काढली. तिची मांडणी एनटीएफएस होती, त्यामुळे मोठ्या फाइलची अडचण नव्हती, आणि पुढचे दहा दिवस मी तिच्यावरच काढले. उबुंटू संथपणे का होईना चालले. विंडोज सर्व्हरची स्थापना मात्र पावणेदोन तास चालली, आणि त्यानंतर ते मशीन सुरू करून प्रवेशाचा पडदा येईपर्यंत ११ मिनिटे लागली. मी घड्याळ लावून मोजले. टास्क मॅनेजरमध्ये त्या डिस्कचा आलेख १०० टक्क्यांना चिकटून बसलेला आणि खाली वेग मात्र सेकंदाला जेमतेम १ एमबी, हे चित्र मला अजिबात उलगडेना, कारण हीच डिस्क लग्नाचा व्हिडिओ सेकंदाला १०० एमबीने उतरवून घेत असे. हात ठेवला की आतली बारीक टकटक बोटांना जाणवायची.

भाच्याने ते ज्या प्रकारे समजावले, त्यामुळे पुढचे सगळे निर्णय सोपे झाले. ही डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि ते टोक योग्य वर्तुळावर सरकायलाही तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ जातो. एकंदरीत सेकंदाला साठ-सत्तर वेगवेगळ्या जागा वाचून झाल्या की तिची ताकद संपते. व्हिडिओ सलग पडलेला असतो, म्हणून तिथे ती धावते. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होताना मात्र हजारो छोट्या फाइल इकडून तिकडून वाचायच्या असतात, आणि तीन मशीन एकत्र चालवली की तिघांच्या मागण्या त्या एकाच टोकावर येऊन पडतात. हार्ड डिस्कच्या खोक्यावरचा वेगाचा आकडा हा सलग वाचनाचा असतो, हे मला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

२५ जानेवारीला राजारामपुरीतल्या एका दुकानातून मी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी वेगवान पट्टी) ३,४५० रुपयांना आणि ती बसवायचे ॲल्युमिनियमचे केसिंग १,८५० रुपयांना घेतले. तयार पोर्टेबल एसएसडीही मिळते. सुटे भाग घेण्याचे कारण एवढेच की उद्या लॅपटॉप बदलला तर हीच एसएसडी आत बसवता येईल. केसिंग घेताना ते एनव्हीएमईसाठी आहे की साटा या जुन्या, कमी वेगाच्या प्रकारासाठी, हे विचारून घ्यावे. दोन्ही प्रकारच्या पट्ट्या एकाच आकाराच्या असतात, पण एनव्हीएमईला टोकाशी सहसा एक खाच असते आणि साटाच्या पट्टीला दोन. दुकानदार बिलाऐवजी साधी पावती देत होते. मी म्हटले, “भाऊ, जीएसटीचे बिल द्या, आणि त्यावर दोन्ही वस्तूंचे सिरीयल नंबर लिहा.” त्यांनी थोडे कुरकुरत का होईना, लिहून दिले. त्या दोन ओळींचा उपयोग तीन आठवड्यांनी झाला.

पट्टी तिरपी धरून खाचेत सरकवायची, मग खाली दाबून रबराच्या बुचाने अडकवायची आणि वर उष्णता वाहून नेणारी करड्या रंगाची गादी चिकटवायची, एवढेच काम होते. पाच मिनिटांत झाले. लॅपटॉपला जोडल्यावर मात्र ‘धिस पीसी’मध्ये काहीच दिसेना, आणि माझ्या पोटात गोळा आला. नवी कोरी डिस्क अशी दिसतच नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन आधी तिची जीपीटी पद्धतीने आखणी करावी लागते, मग एनटीएफएस फॉरमॅट. तिथेच मी तिला ‘व्ही’ हे अक्षर स्वतः नेमून दिले. विंडोज आपणहून जे अक्षर देते ते आधी कोणता पेन ड्राइव्ह लावलेला आहे यावर बदलू शकते, आणि अक्षर बदलले की व्हर्च्युअलबॉक्सला मशीनच्या फाइल सापडत नाहीत. जुन्या हार्ड डिस्कवर एकदा तिन्ही मशीनपुढे ‘उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा शेरा दिसला होता, तेव्हा सगळे पुसले गेले असे वाटून मी रडकुंडीला आले होते. फाइल जागच्या जागी होत्या. फक्त ‘ई’चे ‘एफ’ झाले होते.

केसिंगसोबत आलेल्या केबलची दोन्ही टोके टाइप-सी होती आणि माझ्या लॅपटॉपवरचा टाइप-सी पोर्ट चार्जिंगमध्ये अडकलेला असे, म्हणून मी घरातल्या मोबाइलच्या चार्जरची केबल वापरली. फाइल उतरवून पाहिली तर वेग सेकंदाला ३८ एमबी. पाच हजारांहून अधिक रुपये खर्च करून हार्ड डिस्कपेक्षाही कमी वेग मिळाल्याचे दुःख त्या रात्री मोठे होते. कारण अगदी साधे निघाले. चार्जिंगच्या बहुतेक केबलमध्ये यूएसबी २.० च्याच तारा असतात, आणि त्या मार्गाची कमाल क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात ४० एमबीच्या आत-बाहेर. दुसऱ्या दिवशी ४५० रुपयांची अर्धा मीटरची, एका टोकाला साधी यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेली केबल आणली. तिच्या वेष्टनावर १० गिगाबिट असे स्पष्ट छापलेले होते. वेग लगेच ४३० एमबीवर गेला. माझ्या लॅपटॉपचा पोर्ट ५ गिगाबिटचा आहे, त्यामुळे केसिंग आणि केबल दोन्ही १० ची असली तरी त्याहून पुढे जाता येत नाही. डिस्क, केसिंग, केबल आणि पोर्ट यांत जे सर्वांत मंद, त्याचाच वेग आपल्याला मिळतो.

मशीन हलवण्यासाठी फाइल कापून चिकटवू नयेत. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनच्या नावावर उजवी कळ दाबली की ‘मूव्ह’ हा पर्याय येतो. त्याने आभासी डिस्क, स्नॅपशॉट (मशीनच्या एखाद्या क्षणाच्या अवस्थेची जपलेली नोंद) आणि मशीनची माहिती असलेली फाइल हे सगळे एकत्र हलते आणि नोंदीही आपोआप सुधारतात. मशीन आधी पूर्ण बंद केलेले असावे. ३९ जीबी हलवायला मला साडेअकरा मिनिटे लागली. त्यानंतर पसंतींमध्ये जाऊन नव्या मशीनसाठीचे ठरावीक फोल्डरही ‘व्ही’वर नेले, नाहीतर पुढचे मशीन पुन्हा आतल्या डिस्कवरच तयार झाले असते. विंडोज सर्व्हर आता ४४ सेकंदांत सुरू झाला. मी तो तीन वेळा बंद करून चालू केला, केवळ पाहण्यासाठी.

तो आनंद पंधरा दिवस टिकला. ९ फेब्रुवारीला, रविवारच्या तासात, उबुंटूवर वेब सर्व्हर बसवत असताना विंडोजचा डिस्क निघाल्याचा आवाज आला, लगेच पुन्हा जोडल्याचा आवाज आला, आणि आभासी डिस्कवर माहिती लिहिता येत नसल्याचा संदेश देऊन व्हर्च्युअलबॉक्सने तिन्ही मशीन गोठवली. डिस्क दोन सेकंदांत परत आली होती, पण मशीनच्या उघड्या फाइलचा धागा तुटलेला होता आणि पुढे चालू ठेवण्याचा प्रयत्न फुकट गेला. तिन्ही बंद करावी लागली. अल्मालिनक्स आणि विंडोज सर्व्हर सावरले. उबुंटू मात्र काळ्या पडद्यावर एका चिन्हाशी येऊन थांबले. तिथे एफएससीके ही आज्ञा देऊन फाइल-रचना दुरुस्त केल्यावर ते सुरू झाले, पण तासाभरात केलेले काम अर्धवट नोंदले गेले होते. सर पुढे गेले होते आणि माझे हात थरथरत होते.

पुढच्या आठवड्यात हे आणखी चार वेळा झाले. दर वेळी मी इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीमची नोंद पाहिली आणि दर वेळी तिथे १५७ क्रमांकाची घटना होती, जिचा अर्थ डिस्क अचानक काढली गेली असा आहे. मी डिस्कला हातही लावलेला नसे. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबीला अधूनमधून झोपवणारी एक सोय असते, ती बंद केली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबची वीज वाचवण्याची खूण काढली. पोर्ट बदलला, केबल बदलून पाहिली. केसिंग खूप तापते असे वाटून टेबल फॅनसमोर ठेवले. तरीही डिस्क निघतच राहिली. या सगळ्या उपायांची नोंद मी वहीत तारीख-वेळ घालून ठेवली होती, आणि हा सल्ला मी प्रत्येकाला देईन. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लिहून ठेवावी. शेवटी खालच्या मजल्यावरच्या एका ओळखीच्या मुलाकडून दुसरे केसिंग मागून आणले आणि माझीच एसएसडी, माझीच केबल त्याला लावली. चार दिवस तिन्ही मशीन चालू ठेवली. एकदाही १५७ आला नाही. दोष केसिंगच्या आतल्या सर्किटमध्ये होता.

१७ फेब्रुवारीला दुकानात गेले, तेव्हा बदलून देण्याची दहा दिवसांची मुदत उलटली होती. “ताई, आता कंपनीकडेच तक्रार नोंदवावी लागेल,” असे सांगून त्यांनी वेबसाइटचा पत्ता दिला. तिथल्या अर्जात जीएसटी बिलाची प्रत, सिरीयल नंबरचा फोटो आणि दोषाचा व्हिडिओ मागितला होता. अधूनमधून येणाऱ्या दोषाचा व्हिडिओ कसा काढायचा, हा प्रश्न पडला. मी इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदींची चित्रे आणि वहीतले पान जोडून पाठवले. पाच दिवसांनी ‘पुरावा अपुरा’ असे उत्तर येऊन तक्रार बंद झाली. मी ती पुन्हा उघडून घेतली, जुने केसिंग लावून मोबाइल तिवईवर ठेवला आणि दीड तास चित्रण केल्यावर एकदाचा तो क्षण सापडला. त्यानंतर केसिंग कुरिअरने पाठवायला सांगितले. त्याचे १४० रुपये माझेच गेले. पाठवण्यापूर्वी एसएसडी काढून घेतली, हे सांगायला हवे, कारण अर्जात ‘संपूर्ण उत्पादन पाठवा’ असे मोघम लिहिले होते आणि घाईत एखाद्याकडून सगळा डेटाही रवाना होईल. १३ मार्चला नवे केसिंग आले. तक्रारीपासून चोविसावा दिवस होता. मागून आणलेले केसिंग त्या मुलाने तोपर्यंत माझ्याकडेच राहू दिले, म्हणून एकही तास बुडाला नाही.

त्या काळात एक सवय लागली ती कायम राहिली. दर रविवारी तास संपला की तिन्ही मशीन बंद करून त्यांची फोल्डर जुन्या हार्ड डिस्कवर उतरवते. सलग मोठ्या फाइल लिहिणे हे तिचे आवडते काम, त्यामुळे तिथे ती कमी पडत नाही. मशीन चालू असताना घेतलेली प्रत भरवशाची नसते. स्नॅपशॉट ही प्रत नव्हे, कारण तो त्याच डिस्कवर असतो आणि डिस्कबरोबरच जातो. प्रतीतली फाइल मूळ मशीनच्या शेजारी व्हर्च्युअलबॉक्समध्ये जोडायला गेलात तर ओळख क्रमांक आधीच नोंदलेला असल्याची तक्रार येते. मूळ फाइल बिघडल्यास तिच्याच जागी प्रत ठेवावी.

डिस्क काढण्याबाबत विंडोजमध्ये दोन धोरणे असतात : एकात लिहायची माहिती रॅममध्ये साठवून वेग वाढवतात, दुसऱ्यात ती शक्य तितक्या लवकर डिस्कवर उतरवतात. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून दुसरे धोरण आपोआप लागू असते. वेगासाठी ते बदलण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी बदलले नाही. आमच्या घरात सातवीतली मुलगी आणि मांजर दोघांचाही टेबलाखालून येण्याजाण्याचा रस्ता आहे, आणि केबलला धक्का लागल्यास जितके कमी अधांतरी असेल तितके बरे. लाईट गेल्याचा मात्र या डिस्कला त्रास होत नाही, कारण ती लॅपटॉपच्या बॅटरीवरच चालते. वेगळा अडॅप्टर लागणाऱ्या मोठ्या डिस्कच्या बाबतीत हे लागू नाही. लॅपटॉपचे झाकण मिटण्याआधी मशीन बंद करावीत किंवा त्यांची अवस्था जतन करावी, कारण लॅपटॉप झोपला की यूएसबीची वीज जाऊ शकते, आणि तसे झाले तर उठल्यावर ९ फेब्रुवारीचाच प्रसंग पुन्हा समोर येईल.

१३ मार्चनंतर १५७ क्रमांकाची एकही नोंद नाही. एकूण खर्च ५,८९० रुपये झाला.

१९ एप्रिलला बहिणीकडे पुण्याला गेले, तेव्हा लॅपटॉप घरी ठेवून फक्त डिस्क आणि केबल पर्समध्ये नेली. भाच्याच्या डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्सची तीच आवृत्ती होती. ‘ॲड’ म्हणून मशीनची फाइल दाखवली आणि तिन्ही नावे यादीत आली. मी निघण्यापूर्वी सगळी पूर्ण बंद केली होती, कारण जतन केलेली अवस्था वेगळ्या प्रोसेसरवर उघडेलच असे नाही. उबुंटू सुरू करताना व्हर्च्युअलबॉक्सने नेटवर्क कार्डाचे नाव सापडत नसल्याची तक्रार केली, ती त्या पडद्यावरच कार्ड बदलून मिटली. रविवारचा तास मी तिथे बसून केला.

संध्याकाळी परत निघायची घाई होती आणि भाचा केबलकडे हात नेत होता. “अरे, थांब जरा,” मी म्हटले. तिन्ही मशीन बंद केली, व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी मिटली, मागे चालू राहणारी त्याची प्रक्रिया संपेपर्यंत काही सेकंद वाट पाहिली, मग डिस्क सुरक्षित काढण्याचा पर्याय दिला. “डिस्क आता काढता येईल,” असा संदेश आला. मग त्याला म्हटले, “हं, आता काढ.”